आम्ही घरी नसू तेव्हाची तयारी

प्रश्न : आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहतो. मी मुंबईत बीकेसीला आणि नवरा नवी मुंबईत महापेला नोकरीला. घरी अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई असतात. गेल्या महिन्यात संध्याकाळी आमच्या विंगच्या मीटर रूममध्ये आग लागली. ती लवकर विझली, पण जिन्यात धूर भरला. मी तेव्हा लोकलमध्ये होते. समोरच्या काकूंनी दार ठोठावलं तरी मुलीने उघडलं नाही, कारण ‘आम्ही नसताना कुणालाही दार उघडायचं नाही’ असं आम्हीच बजावून ठेवलंय. ती भावाला घेऊन बाथरूममध्ये कडी लावून बसली, सासूबाई हॉलमध्ये एकट्या. आता नवऱ्याने एक बॅग भरून माळ्यावर ठेवली आहे आणि नंबरांची यादी केली आहे. मुलांना बसवून सगळं समजावून सांगावं असं मला वाटतं, पण सासूबाई म्हणतात, लेकरांपुढे असलं अभद्र बोलू नये. मुलगा त्या दिवसापासून रात्री दचकून उठतो, त्यामुळे मीही कचरते. मुलीला रागवावं की शाबासकी द्यावी, तेही कळत नाही.
– एक आई, ठाणे

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते आज संध्याकाळीच उपयोगी पडेल. मुलीला रागावू नका. तुम्ही दिलेला नियम तिने पाळला. तो अनोळखी माणसांसाठी केलेला होता. धूर आल्यावर त्याचं काय करायचं, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. तरीही ती जिन्याकडे धावली नाही आणि धाकट्याला विसरली नाही. धुराने भरलेल्या जिन्यातून चौदा मजले उतरायला जाणं हे त्या संध्याकाळी सगळ्यात घातक ठरलं असतं, आणि ते तिने टाळलं. हे तिला समोर बसवून सांगा. ‘शहाणी गं माझी बाई’ एवढ्यावर भागवू नका. नेमकं कोणतं पाऊल बरोबर पडलं ते तिच्या कानावर पडू द्या. मग बाथरूमचं बोला.

बोलण्यापेक्षा दाखवा. तिला बाथरूममध्ये नेऊन वरची काचेची झडप बघायला लावा. आपल्याकडच्या बहुतेक टॉवरमध्ये ही झडप डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत उघडते. खाली आग लागली की धूर जिन्यातून आणि डक्टमधून धुराड्यासारखा वर चढतो. म्हणजे धुरापासून लपायला म्हणून जिथे ती बसली, तिथेच तो आधी पोचू शकतो. हे तिने स्वतः पाहिलं की पुन्हा सांगावं लागणार नाही. मग दोघी मिळून घरात फिरा आणि जिन्यापासून व डक्टपासून लांब असलेली, रस्त्याच्या बाजूला खिडकी किंवा गॅलरी असलेली खोली शोधा. ती तुमची थांबायची खोली. तिथे सासूबाईंसाठी एक खुर्ची कायमची ठेवा. दाराच्या फटीत कोंबायला दोन जुने टॉवेल त्याच खोलीत असू द्या, आणि टॉवेल ओले करायला पाण्याची बाटली.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तुमची आणि तुमच्या यजमानांची सगळी तयारी, बॅग काय नि यादी काय, तुम्ही दोघं घरी असाल असं धरून केलेली आहे. बॅग माळ्यावर आहे. तिथे मुलीचा हात पोचत नाही आणि सासूबाई स्टुलावर चढू शकत नाहीत. तुम्ही दोघं दिवसाचे दहा-बारा तास घराबाहेर असता, त्यातले काही तास शहरंही वेगळी असतात. त्या वेळात काही झालं तर ते निभावायचं आहे तुमच्या मुलीला, मुलाला आणि सासूबाईंना. मग त्यांना ‘सामील करून घ्यावं का’ हा प्रश्नच उरत नाही. ही तयारी त्यांचीच आहे. त्यांनी हाताने करायची, तुम्ही मदत करायची.

सासूबाईंना पटवायला वाद घालू नका, त्यांना विचारा. आपल्या ठाण्याच्या पट्ट्यात कोळ्या-आगऱ्यांच्या घरांत पाऊस सुरू व्हायच्या आधी आगोटीची बेगमी होत असे, आजही होते : सुकी मासळी, तांदूळ, मसाला, लाकूडफाटा, घरावर नवं छप्पर. पोरं त्यात पुढे असायची. पाऊस चार महिने वाट अडवणार हे लेकरांना सांगणं तेव्हा कुणाला अभद्र वाटलं नाही. सासूबाईंच्या माहेरीही असं काहीतरी असणारच. आणि २६ जुलै २००५ ची रात्र त्यांच्या वयाच्या माणसाला नक्की आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या, मोबाइल बंद पडले, कितीतरी मुलं रात्रभर शाळांमध्येच राहिली. ती गोष्ट नातवंडांना त्यांनीच सांगावी : कोण कुठे अडकलं, कुणी कुणाला घरात घेतलं, काय खाल्लं. आजीच्या तोंडून आलेली आपत्तीची गोष्ट मुलं वेगळ्या कानाने ऐकतात, कारण त्या गोष्टीतून वाचलेलं माणूस समोर बसलेलं असतं.

भीतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमचा मुलगा आत्ताच घाबरलेला आहे. त्याने धूर पाहिला, ताईचा चेहरा पाहिला, दारावरच्या थापा ऐकल्या. आणि त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही. गप्प बसून ती भीती जाणार नाही. त्याला करायला एक छोटं, खरं काम द्या. सहा वर्षांच्या मुलाचं काम इतकंच : लपायचं नाही, ताईचा हात धरायचा आणि कुणी शोधायला आलं की मोठ्याने ‘मी इथे आहे’ म्हणायचं. हे क्षुल्लक वाटेल, पण आगीत लहान मुलं पलंगाखाली नाहीतर कपाटात जाऊन बसतात आणि विझवायला आलेल्यांना सापडत नाहीत, हे अग्निशमन दलातली माणसं नेहमी सांगतात. मुखवटा घातलेला, पाठीवर सिलिंडर बांधलेला जवान धुरातून पुढे आला की मुलं आणखी आत सरकतात. म्हणून तो पोशाख मुलाने आधी, चांगल्या उजेडात पाहायला हवा. दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत मोठा स्फोट झाला होता, त्यात गेलेल्या जवानांची ती आठवण. पण एप्रिलची वाट पाहायची गरज नाही. जवाहरबाग किंवा बाळकुमच्या अग्निशमन केंद्रात जाऊन, सोयीची वेळ विचारून मुलाला मास्क दाखवून आणा. दचकून उठणं एवढ्याने बरंच कमी व्हायला हवं. सराव सुरू करून काही आठवडे गेले तरी ते कमी झालं नाही, किंवा तो एकटा दुसऱ्या खोलीत जायला तयार होईना, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. ते लांबवू नका.

आता दाराचं. या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. दार न उघडण्याचा नियम मोडू नका, त्याला एक खिडकी ठेवा. मुलीबरोबर बसून तीन-चार माणसं ठरवा ज्यांना दार उघडायचंच : समोरच्या काकू, खालच्या मजल्यावरचं एखादं कुटुंब, सोसायटीचे सेक्रेटरी. नावं तिला निवडू द्या, कारण कुणाचा आवाज ओळखू येतो आणि कुणाशी बोलायला अवघड वाटत नाही हे तिलाच माहीत. त्या माणसांना घरी चहाला बोलावून मुलांसमोरच सांगा की तुम्ही आमच्या यादीत आहात. यादीबाहेरचं कुणी ‘आईने पाठवलंय’ म्हणत आलं तर विचारायला घरातला एक गुप्त शब्द ठेवा. मुलांना असली गुपितं आवडतात, विसरत नाहीत. आणि आगीच्या वेळी खाकी किंवा अग्निशमनाच्या पोशाखातला माणूस दार वाजवत असेल तर कुठलाही शब्द न विचारता दार उघडायचं, हेही सांगून ठेवा.

दार उघडता येतं का, हे तपासलंय का तुम्ही? एका रविवारी मुलीला म्हणा, आतून दोन्ही दारं उघडून दाखव. लाकडी दाराचा लॅच फिरेल. सेफ्टी डोअरच्या वरच्या कडीपाशी बहुधा अडेल. ती टाचा उंचावेल, कडी अर्धी सरकेल आणि पावसाळ्यात फुगलेल्या चौकटीत अडकून बसेल. मग अंगठ्याने दाबत, दुसऱ्या हाताने दार स्वतःकडे ओढत ती पुन्हा प्रयत्न करेल. दिवसाउजेडी, तुम्ही शेजारी उभ्या असताना तिला एवढे कष्ट पडत असतील, तर अंधारात आणि खोकत असताना काय होईल? सुतार बोलावून ती कडी खाली घ्या, चौकट घासून घ्या. दोन्ही दारांच्या चाव्या एका ठरलेल्या खिळ्यावर, मुलीच्या खांद्याच्या उंचीला. आणि आपल्याकडे अनेक घरांत मुलं झोपली असताना बाहेरून कुलूप घालून ‘पाच मिनिटांत आले’ म्हणून जातात, ते तुमच्या घरात कुणीही, कधीही करू नये. इतक्या ठामपणे मी दुसरं काहीच सांगणार नाही.

बाहेर पडायचं की आत थांबायचं, हे मुलांना दोन वाक्यांत पाठ करून द्या. आग आपल्या घरात असेल तर सगळे बाहेर, दार ओढून घ्यायचं, मागे वळायचं नाही, लिफ्ट घ्यायची नाही. आग बाहेर असेल आणि जिन्यात धूर असेल तर आत, थांबायच्या खोलीत, फटीला ओले टॉवेल, खिडकीतून रंगीत कापड हलवायचं आणि फोन करायचा. मुख्य दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू दाराला लावून पाहायची. गरम लागलं तर उघडायचं नाही. धूर खोलीत शिरलाच तर जमिनीलगत राहायचं, कारण धूर वर जमतो. मुलाला रांगत दारापर्यंत जायला लावा, त्याला तो खेळच वाटेल. मुलीला मात्र कारणासकट सांगा. अकराव्या वर्षी ‘का’ कळल्याशिवाय केलेला सराव लक्षात राहत नाही.

फोनचं एक बारीक सांगते. नंबरांची यादी केलीत ते चांगलं, पण आजकालच्या मुलांना आईचा नंबर पाठ नसतो, तो मोबाइलमध्ये ‘आई’ नावाने असतो. दोघांचे नंबर पाठ करून घ्या. धाकट्याला एकच पुरे, चालीवर म्हणून. मोबाइल लॉक असला तरी पडद्यावरच्या आपत्कालीन कॉलवरून ११२ लागतो, हे मुलीला बटण कुठे आहे ते दाखवून सांगा. प्रत्यक्ष फोन मात्र लावायचा नाही. आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर आधी पत्ता बोलायचा, रडणं आणि काय झालं ते नंतर. रस्ता, सोसायटी, विंग, मजला, जवळची खूण, या क्रमाने. दोघींनी खोटा फोन धरून बोलून बघा. ‘घोडबंदर रोड’ एवढंच सांगून मुलं थांबतात, आणि त्या रस्त्यावर किती सोसायट्या आहेत ते तुम्ही जाणताच. शिवाय ठाण्याबाहेरच्या एका नातेवाइकाचा, समजा नाशिकच्या मावशीचा, नंबर सगळ्यांना पाठ हवा. इथल्या इथे फोन लागत नसले तरी बाहेरगावी कधीकधी लागतो. मग सगळ्यांनी मावशीला कळवायचं आणि एकमेकांची खबर तिच्याकडून घ्यायची.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. असा दिवस आगीपेक्षा जास्त वेळा येतो, म्हणून सराव तिथून सुरू करा. एखाद्या संध्याकाळी मेन स्विच बंद करा, मुलांना आधी सांगून. टॉर्च कुठे आहे, सेल चालतात का, आजीच्या गोळ्या अंधारात सापडतात का, हे मुलंच शोधतील. लिफ्टमध्ये अडकलं तर घंटा दाबायची, खाली बसायचं, दार ओढायचं नाही, लिफ्टला हवा येत राहते, गुदमरायला होत नाही. हे ऐकून तुमच्या मुलाचा जीव भांड्यात पडेल, कारण बहुतेक मुलांच्या मनात लिफ्टची भीती गुदमरण्याचीच असते.

पावसाचं थोडक्यात. शाळा सुटताना तुंबलं तर शाळेतून निघायचं नाही, बसमधून मध्येच उतरायचं नाही, ठरलेला माणूस आल्याशिवाय कुणाबरोबर जायचं नाही. रस्त्यावरच्या पाण्यातून चालायचं नाही, कारण खाली उघडं मॅनहोल असू शकतं आणि विजेच्या खांबाजवळचं पाणी जीव घेऊ शकतं. शाळेकडे तुमच्याशिवाय आणखी दोन नावं मुलांना घेऊन जाण्यासाठी लेखी द्या.

गॅसचंही तसंच. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर पिवळ्या हँडलचा व्हॉल्व मुलीला दाखवा : हँडल पाइपला समांतर असेल तर चालू, आडवं केलं की बंद. पाइपचा वायू हवेपेक्षा हलका, वर जातो; सिलिंडरचा जड, जमिनीलगत साचतो. वास कसलाही येवो, कुठलंच बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, खिडक्या उघडून घराबाहेर पडायचं आणि शेजारून फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६. दाराकडे जाता जाता व्हॉल्व हाताशी असेल तरच मुलीने तो फिरवावा. त्यासाठी स्वयंपाकघरात परत जायचं नाही.

यावरून एक फार महत्त्वाचं. आजीला सांभाळणं हे अकरा वर्षांच्या मुलीचं काम नाही, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. तुम्ही लिहिलंत की सासूबाई हॉलमध्ये एकट्या राहिल्या. मुलीलाही ते आठवत असणार आणि बोचत असणार. तिने आजीला एकच हाक मारायची, ‘आजी, खोलीत चला’, आणि भावाला घेऊन जायचं. आजीला हात देणारं मोठं माणूस तुम्ही आधीच ठरवून ठेवायचं : समोरच्या काकू किंवा त्यांचे यजमान, आणि त्यांनी ते कबूल केलेलं हवं. सासूबाईंनीही नातीला एकदा म्हणावं, ‘माझी वाट बघू नकोस.’ हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हणून चालणार नाही.

जपानमध्ये कामाइशी या गावी ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत शाळेतली मोठी मुलं लहानांचे हात धरून टेकडीकडे धावली आणि गावातल्या शाळांचे जवळजवळ तीन हजार विद्यार्थी वाचले. त्या मुलांनी आधी काही वर्षं शाळेतून स्वतः चालून सुरक्षित वाटा शोधायचा सराव केला होता. तिथेही मोठ्या मुलांनी लहानांचा हात धरला. मुलीकडून तुम्ही तेवढीच अपेक्षा ठेवा.

बॅग माळ्यावरून खाली काढा आणि रिकामी करा. मुलांना पुन्हा भरू द्या. कागदपत्रांच्या प्रती, आजीच्या चार दिवसांच्या गोळ्या आणि चिठ्ठी, टॉर्च, पॉवर बँक, पाणी, थोडे सुटे पैसे, शिटी, चिक्की, सुकामेवा, हे तुम्ही सांगा. बाकी जागा त्यांची. मुलगा एखादी गाडी टाकेल, टाकू द्या. रात्रभर अनोळखी हॉलमध्ये बसावं लागलं तर तीच गाडी त्याला धीर देईल. दर तीन-चार महिन्यांनी, सण धरून, बॅग उघडायची, चिक्की खाऊन टाकायची आणि नवी भरायची. हे काम मुलं न विसरता करतील.

अचानक भोंगा वाजवून मुलांची परीक्षा पाहू नका, आणि व्हॉट्सॲपवर येणारे आगीचे व्हिडिओ ‘बघ, असं होतं’ म्हणून दाखवू नका. सराव आधी सांगून, दिवसा, दहा-पंधरा मिनिटं. तो झाला की भजी.

राहिली सोसायटी. आग तुमच्या घरात लागली नव्हती, मीटर रूममध्ये लागली होती, आणि ती मुलांच्या हातातली गोष्ट नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ दाखला परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावा लागतो. तुमच्या सोसायटीने तो शेवटचा कधी दिला, मीटर रूमची तपासणी कधी झाली, आणि संकटात थांबायला मोकळा सोडलेला रेफ्युज एरिया जुन्या सोफ्यांनी अडवलाय का किंवा त्याला कुलूप आहे का, हे येत्या बैठकीत विचारा. त्या आधी मुलीला घेऊन जिना उतरून बघा. दाराआडचे शू रॅक, सायकली, कुंड्या तिला वहीत लिहू द्या, मजल्यांसकट. ती यादी बैठकीत तुम्ही वाचा, आणि सेक्रेटरींनी परवानगी दिली तर तिला वाचू द्या.